काजू युनिट: सावंतवाडी की पुणे?

प्रश्न: गाव सावंतवाडीजवळ, नोकरी पुण्यात. काजू प्रक्रिया युनिट कुठे टाकावं? घरात धंदा कुणीच केलेला नाही.

उत्तर १: गावीच टाका. बी दारात मिळते, सोलायला सराईत बायका मिळतात. ४ किलो बीतून जेमतेम १ किलो गर निघतो, टरफलाचं भाडं पुण्यापर्यंत कशाला भरायचं?

उत्तर २: जागेपेक्षा भांडवल बघा. बी मार्च ते मे येते, वर्षाची खरेदी तेव्हाच. नोकरदार घराला पैसा असा अडकवायची सवय नसते. घरच्यांशी आधी बोला. आणि बी कडक वाळवा, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते.

उत्तर ३: पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख, ते कर्जखात्यात जमा होतं, हातात येत नाही. वाफवलेली बी रात्रभर निवू द्या. गरम फोडली की गर तुटतो, तुकड्याला भाव कमी मिळतो.