हमी ५ टक्के, जबाबदारी पूर्ण

वर एकांनी लिहिलंय की कर्ज अ‍ॅपवरून मिळालं म्हणजे बँकेचा संबंध संपला. उलट आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२२पासूनच्या नियमांनुसार फिनटेकचं, म्हणजे अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीचं, शुल्क बँकेने द्यायचं, कर्जदाराने नव्हे. आणि वसुलीवाल्याने दमदाटी केली तरी उत्तर बँकेलाच द्यावं लागतं.

खरी मेख हमीत आहे, म्हणजे कर्ज बुडालं तर नुकसान भरून देऊ या फिनटेकने बँकेला दिलेल्या हमीत. पूर्वी काही फिनटेक बुडीत कर्जाचा मोठा वाटा स्वतःच उचलायच्या, म्हणजे परवाना बँकेचा आणि धंदा यांचा! जून २०२३मध्ये या हमीला एकूण कर्जांच्या ५ टक्क्यांची मर्यादा घातली. तीही रोख, बँकेकडे तारण असलेली मुदत ठेव किंवा बँक गॅरंटी याच रूपात. नुसतं कागदी वचन चालत नाही. बँक आणि फिनटेकमधला करार हातात आला की मी आधी हेच कलम शोधतो.