घोड्याला हाताने खाऊ भरवावा की भरवू नये?

शिवाजीपार्ककर

नमस्कार. माझी अकरा वर्षांची मुलगी मुंबईतील एका रायडिंग शाळेत घोडेस्वारी शिकते. तिच्या वाट्याला आलेला घोडा वयस्क, स्वभावाने गरीब आणि शिकाऊ मुलांना सरावलेला आहे. रपेट संपली की मुले घरून आणलेले गाजर किंवा सफरचंद त्याला भरवत असत. अलीकडे मात्र मुले जवळ आली की तो त्यांचे खिसे हुंगू लागला, बाही ओठांत धरून ओढू लागला, आणि परवा एका मुलाच्या दंडाला त्याने दात लावले. रक्त आले नाही, पण चांगलाच वळ उठला. त्या दिवसापासून प्रशिक्षकांनी हाताने काहीही भरवण्यास सरसकट मनाई केली आहे.

मला कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की, त्याच घोड्याची रोजची देखभाल करणारे सईसकाका सकाळी खरारा झाल्यावर तळहातावर गुळाचा खडा ठेवून त्याला देतात, आणि त्यांचा खिसा तो कधीही हुंगत नाही. मग दोष हाताने भरवण्यात आहे की भरवणाऱ्यात? पालक म्हणून मी मनाईला पाठिंबा द्यावा, की मुलांना नीट भरवायला शिकवा अशी विनंती करावी? शिवाय रोजचा गूळ घोड्याला चालतो का? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

पागेतला

ताई, तुमच्या प्रश्नातच निम्मे उत्तर आले आहे. सईसकाका गूळ देतात तो ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी आणि घोडा स्वस्थ उभा असताना. त्यामुळे एरवी त्यांच्या खिशात काय आहे याच्याशी त्या घोड्याला काही कर्तव्य नसते. मुले मात्र त्याने मान पुढे केली की ‘बघ, त्याला हवंय’ म्हणून लगेच तुकडा पुढे करतात. घोड्याच्या लेखी हा सरळ व्यवहार आहे: नाक खुपसले, गाजर मिळाले. पुढे एखाद्या दिवशी नाक खुपसूनही काही मिळाले नाही की तो बाही ओढून पाहतो, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर दात लावतो. त्यात राग किंवा खोडसाळपणा शोधू नये. आजवर चाललेली युक्ती चालेनाशी झाली म्हणून त्याने जोर वाढवला, इतकेच. कधी मिळते आणि कधी मिळत नाही, अशा स्थितीत ही सवय अधिकच घट्ट होते. म्हणून सगळ्यांऐवजी दोघातिघांनीच लाड केले तर चालेल, असे मुळीच समजू नये.

दुसरी बाब डोळ्यांची. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, पण नाकपुड्यांच्या अगदी पुढचे आणि हनुवटीखालचे दिसत नाही. तळहातावरचा तुकडा तो पाहून उचलत नाही. नीट निरखलेत तर दिसेल की, आधी वरचा ओठ तळहातावरून फिरतो, त्यावरचे राठ केस तुकड्याचा अंदाज घेतात, ओठ त्याला थोडा कडेला ढकलतो आणि मग चिमटीत धरावा तसा आत ओढून घेतो. दातांचे काम त्यानंतर सुरू होते. या चाचपणीत वर उचललेले बोट आणि गाजराची फोड यांत गल्लत व्हायला वेळ लागत नाही. म्हणून तळहात पूर्ण सपाट असावा, चारही बोटे जुळलेली आणि अंगठा त्यांना लगटून असावा, आणि ओठ टेकल्यावर हात जागचा हलू नये. ऐनवेळी दचकून हात मागे घेणारे मूलच बहुधा चावून घेते, कारण तुकडा निसटतो आहे असे वाटून घोडा घाईने तोंड पुढे करतो.

हे सारे तुमच्या मुलीला सहज शिकवता येईल. परंतु एकाच घोड्यावर अनेक मुले शिकत असतील, तर शाळेची मनाई मला रास्त वाटते. एकाने पाळलेल्या शिस्तीवर दुसऱ्याचा एक तुकडा पाणी फिरवतो. खाऊ बंद करण्याची मात्र गरज नाही. तो घमेल्यात किंवा तोबऱ्यात टाकावा, म्हणजे घोड्याची अपेक्षा माणसाच्या हाताशी न जुळता भांड्याशी जुळते.

पशुवैद्य_ठाणे

भरवण्याच्या रीतीवर वर चांगले लिहिले आहे. मी काय आणि किती, एवढ्यापुरतेच लिहितो.

सुमारे ५०० किलो वजनाच्या घोड्याचे जठर ८ ते १५ लिटरचे, म्हणजे देहाच्या मानाने फारच लहान असते. तो दिवसाचे बहुतेक तास थोडेथोडे चरणारा प्राणी आहे, आणि गवतातील तंतू त्याच्या जठरात नव्हे, तर मागच्या मोठ्या आतड्यात सूक्ष्मजीवांकडून आंबवले जातात. एकदम बरीच साखर किंवा पिष्टमय पदार्थ पोटात गेले तर त्यांचा काही भाग न पचता तिथवर पोहोचतो, आम्लता वाढते, उपयुक्त सूक्ष्मजीव मरतात, आणि त्यातून पोटशूळ किंवा लॅमिनायटिस उद्भवू शकतो. लॅमिनायटिसमध्ये खुराच्या आतील नाजूक थरांना सूज येते व घोडा कायमचा अधू होऊ शकतो.

५०० किलोच्या घोड्याला रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे साडेसात ते दहा किलो कोरडी वैरण लागते. त्यापुढे एकदोन गाजरे ही नगण्य बाब आहे. अडचण अशी की, सहा मुले प्रत्येकी दोन गाजरे घेऊन येतात तेव्हा एकूण हिशेब कोणाकडेच नसतो. गुळाचे म्हणाल तर निरोगी, रोज काम करणाऱ्या घोड्याला सुपारीएवढा खडा बाधत नाही. मात्र तुमचा घोडा वयस्क आहे. त्याच्या मानेवर आयाळीखाली चरबीचा कठीण उंचवटा आला असेल, किंवा त्याला पूर्वी लॅमिनायटिस होऊन गेला असेल, तर गूळ आजच बंद करावा. अशा घोड्यांच्या शरीरात साखर आली की इन्सुलिन प्रमाणाबाहेर वाढते आणि तेच खुरांवर उलटते. त्याऐवजी काकडीची फोड द्यावी.

गाजराच्या गोल चकत्या करू नयेत, उभ्या लांब फोडी कराव्यात. सफरचंदही चिरूनच द्यावे. वयस्क घोड्याच्या दाढा झिजलेल्या असतात, तो नीट चावत नाही, आणि गोल तुकडा अन्ननलिकेत घट्ट बसतो. घोड्याला उलटी करता येत नाही. घास अडकलेला घोडा मान ताणतो, खोकतो, आणि त्याच्या नाकपुड्यांतून लाळेसह चघळलेले अन्न येऊ लागते. श्वास चालू असतो, म्हणून घाबरू नये, पण तोंडात पाणी ओतण्याचा प्रयोगही करू नये, कारण ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. समोरचे खाद्य व पाणी काढून घ्यावे आणि डॉक्टरांना बोलवावे.

कांदा, बटाटा, कोबी, फ्लॉवर, अ‍ॅव्होकॅडो आणि उरलेला पाव यांतले काहीही देऊ नये. मुंबईत याहून मोठी भीती मला दोन गोष्टींची वाटते. पहिली, सोसायटीच्या लॉनवरचे यंत्राने कापलेले गवत. लोक ते पिशवीत भरून मोठ्या प्रेमाने आणतात. ढिगात ते तासाभरात गरम होऊन आंबू लागते, आणि घोडा न चावता ते भराभर गिळतो. दुसरी, कण्हेर. रस्त्याच्या दुभाजकांवर आणि बागांच्या कुंपणाला ती सर्रास लावलेली असते, आणि तिची मूठभर पाने, हिरवी असोत वा वाळलेली, घोड्याचे हृदय बंद पाडू शकतात. मुलाने वाटेत तोडलेली डहाळी घोड्यापुढे धरली, हे दृश्य दिसायला कितीही गोड असले तरी तिथल्या तिथे थांबवावे. दसऱ्याला घोड्याच्या गळ्यात घातलेले झेंडूचे हारही पूजा होताच काढावेत, कारण तो ते दोऱ्यासकट ओढून खातो.

महालक्ष्मीकर

शर्यतीच्या घोड्यांबाबत प्रश्न याहून कडक आहे. महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३ पासूनचे. तिथे धावणाऱ्या घोड्याच्या तबेल्यात बाहेरच्या माणसाने काही भरवणे कोणताही ट्रेनर खपवून घेणार नाही. शर्यतीनंतर घोड्याचे नमुने तपासले जातात, आणि चहा-कॉफीतील कॅफीन, चॉकलेटमधील थिओब्रोमीन किंवा खसखशीतून येणारे मॉर्फीन सापडले तर तो प्रतिबंधित पदार्थ ठरतो. दिवाळीत कोणी अनारसा भरवला, तर बिचाऱ्याची भावना चांगली असते, पण निस्तरावे लागते ट्रेनरला.

चौखूर

पागेतला यांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, पण घमेल्याचा तोडगा मला पळवाट वाटतो. हाताने दिलेला घास हे घोड्याला शिकवण्याचे उत्तम साधन आहे, आणि रायडिंग शाळेत येऊन मुलांनी तेच शिकायचे नाही तर काय शिकायचे? अट एकच: घोड्याने तोंड आपल्यापासून वळवले की बक्षीस द्यायचे, आपल्याकडे आणले की द्यायचे नाही.

करायचे असे. घोडा बांधलेला किंवा दाराआड असावा, आणि मुलीने त्याच्या खांद्यापाशी उभे राहावे. तो हुंगू लागला तर ओरडू नये, नाकावर चापट तर मुळीच मारू नये, कारण चापटीने घोडा डोके झटकायला शिकतो आणि मग चावतो तो पूर्वसूचना न देता. नुसते स्तब्ध राहावे. कंटाळून त्याने मान समोर केली की त्याच क्षणी ‘शाबास’ म्हणावे आणि हात लांब करून, त्याची मान सरळ असेल तिथेच, फोड द्यावी. शब्द आणि वागणूक यांत दोनतीन सेकंदांचे अंतर पडले तरी त्याला भलताच अर्थ लागतो. परदेशी पद्धतीत जिभेने टक् असा आवाज करतात. आपल्याकडे तो आवाज घोडा हाकायला वापरतात, तेव्हा तो टाळावा.

आणि मुलीला हेही सांगा की, घोडे एकमेकांना घास भरवत नाहीत. खाण्यापाशी ते कान मागे पाडून एकमेकांना धमकावतात. मैत्री असलेले दोन घोडे उलट उभे राहून एकमेकांची मान दातांनी खाजवतात. आयाळ संपते तिथे, पाठीच्या सुरुवातीला, बोटांनी जोर लावून खाजवले की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे मोजून पाहिलेले आहे. तिने तिथे खाजवावे. वरचा ओठ लांब होऊन थरथरू लागला की जागा बरोबर सापडली.

पागेतला

चौखूर यांची रीत निर्दोष आहे, पण ती प्रत्येक मुलाकडून प्रत्येक वेळी करून घ्यायला एक माणूस तिथे उभा लागतो, आणि रविवारी सकाळी तो कोणत्याही शाळेकडे नसतो. एकट्या घोड्याचा मालक असता तर मीही हेच केले असते.

शिवाजीपार्ककर

सर्वांचे मनापासून आभार. प्रशिक्षकांना मी असे सुचवणार आहे की, घमेले सर्वांसाठी असावे, आणि ज्यांना शिकायचे आहे त्यांना प्रशिक्षक स्वतः समोर असताना हाताने भरवू द्यावे. गुळाबद्दल सईसकाकांना मी परस्पर काही बोलणार नाही. शाळेच्या डॉक्टरांनी मानेवरचा उंचवटा तपासून सांगितलेले बरे. एक शेवटची शंका. पुढच्या महिन्यात आम्ही माथेरानला जाणार आहोत, आणि मुलीने तिथल्या घोड्यांसाठी गाजरे न्यायचे ठरवले आहे. न्यावीत का?

पशुवैद्य_ठाणे

न्यावीत, पण दस्तुरी नाक्यावर ओळीने उभ्या असलेल्या घोड्यांत शिरून भरवू नयेत. एकाला दिले की शेजारचा कान पाडून त्याच्यावर धावतो, आणि दोन घोड्यांच्या मध्ये मूल सापडते. पिशवी सरळ घोडेवाल्याच्या हाती द्यावी. त्याच्या घोड्याने कधी चंदी (दाणावैरण) खाल्ली आणि आता त्याला काय सोसेल, हे तोच जाणतो. पिशवी कापडी आणि तोंड बांधलेली असावी, नाहीतर गाजरे घोड्यांपर्यंत पोहोचण्याआधी माकडांच्या हाती जातील.