मदत हवी आहे: भावाच्या रीलमध्ये ज्युनियर पोरं हसतायत, पण मला ते हसणं खरं वाटत नाही

राजारामपुरीची_अक्का:

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर समजून घ्या, एका दमात लिहितेय कारण मधे थांबले तर पोस्ट करायचं धाडस होणार नाही.

आम्ही राधानगरी तालुक्यातले. पप्पांची ऊसशेती, मी नोकरीला कोल्हापुरात, आणि माझा धाकटा भाऊ इथंच इंजिनिअरिंगला, सेकंड इयर, हॉस्टेलवर राहतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही. दर रविवारी मी डबा घेऊन रंकाळा तलावावर जाते, तो येतो, जेवतो, गप्पा मारतो. परवाच्या रविवारी त्यानंच हौसेनं फोन हातात दिला, "अक्का हे बघ, चाळीस हजार व्ह्यूज!"

रील हॉस्टेलच्या टेरेसवरचं. रात्रीची वेळ, फर्स्ट इयरची दहा-अकरा पोरं ओळीत उभी, डोक्याला चप्प तेल, मधोमध भांग, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली आणि नजर खाली, तिसऱ्या बटणावर. एकेकानं पुढं यायचं, कंबरेत वाकून सलाम करायचा, नाव गाव बारावीचे मार्क सांगायचे, याला ही लोकं इंट्रो म्हणतात. मग एकाला पाण्याच्या टाकीला प्रपोज करायला लावलंय, दुसऱ्याला कोंबडा करून आरवायला लावलंय. मागं कॉमेडी म्युझिक, वरनं टाकलेला हसण्याचा आवाज. खाली कमेंट, "आमच्या वेळी तर याच्यापेक्षा भारी होतं", "पुढचा पार्ट कधी".

मी म्हटलं हे काय रे, तर म्हणाला, "अगं अक्का कंटेंट हाय त्यो. कुणाला हात लावलाय काय आम्ही? बघ की, तेनी पण हसालेत."

हसतायत खरं. मी पण आधी थोडी हसले, खोटं कशाला सांगू. पण रात्री रूमवर येऊन परत बघितलं, रूममेट झोपलेली म्हणून आवाज बंद होता. आणि आवाज नसला की ते रील वेगळंच दिसतं हो. शेवटून दुसरा एक चष्मेवाला पोरगा आहे, बारीकसा, तो प्रत्येक वेळी आधी शेजारच्यांकडे बघतोय आणि मग हसतोय. सगळ्यांच्या मागनं. तेवढंच दहा वेळा बघितलं मी. झोप नाही आली.

अजून एक सांगायचंय आणि हे जास्त जड जातंय. गेल्या वर्षी याच हॉस्टेलवरनं माझा भाऊ मला रात्री दीडला फोन करून रडला होता. दोन तास उभं केलं म्हणाला. तेव्हा मीच त्याला म्हटलं होतं, सहन कर बाळा, थोडे दिवस असतं, नंतर हीच पोरं जिगरी दोस्त होतात, पिक्चरमध्ये नाही का दाखवत. पिक्चरमध्ये दाखवतात म्हणून मी माझ्या भावाला गप्प बसवलं. कॉलेजच्या प्रत्येक पिक्चरमध्ये तो एक सीन असतोच, पोरं ओळीत उभी, सीनियरचा डायलॉग, थिएटरात हशा, आणि इंटरव्हलपर्यंत सगळे एका बाइकवर. त्या ओळीतल्या एखाद्या पोराला रात्री झोप लागली का, हे कुठल्याच पिक्चरमध्ये बघितल्याचं मला आठवत नाही.

आणि दुसरीकडं न्यूज चॅनेल. कुठं रॅगिंगनं पोरगं जिवानिशी गेलं की दोन दिवस तोच ब्लर केलेला व्हिडिओ, लाल गोल, भीतीदायक म्युझिक. तिसऱ्या दिवशी विषय बंद. मला वाटतं यानं पण उलटंच होतंय. कारण भाऊ मला हेच म्हणाला, "टीव्हीवर दाखवत्यात ते रॅगिंग, बेल्टनं मारत्यात, चटके देत्यात. आमचं तसलं काय नसतंय." म्हणजे पिक्चरमधलं गंमत, टीव्हीवरचं क्रूर, आणि टेरेसवर रोज जे चालतं त्याला नावच नाही.

काल कळलं की तो चष्मेवाला पोरगा आठ दिवस झाले गावी गेलाय. ताप आलाय म्हणे.

आता मी काय करू? भावाला रील डिलीट करायला लावू का? त्या पोराला गाठून माफी मागायला लावू? का सरळ कॉलेजला सांगू? सांगितलं तर भावाचं वर्ष जाईल का? ॲडमिशनच्या वेळी पप्पांनी नेट कॅफेत बसून ते अँटी रॅगिंगचं हमीपत्र भरलंय, तेव्हा ते आम्ही कुणीच वाचलं नव्हतं. प्लीज ओरडू नका, मार्ग सांगा.

पंचगंगा_काठ:

ताई, एवढं ताणू नका. आम्ही पण उठाबशा काढल्या, आमचं काय वाईट झालं? आज तेच सीनियर नोकरीला उपयोगी पडतात. सख्खा भाऊ आहे तुमचा, त्याच्या करिअरचं बघा आधी.

वकिली_शाहूपुरी:

पंचगंगा भाऊ, तुम्हाला झेपलं म्हणून सगळ्यांना झेपतं असं नाही. ताई, आधी कायद्याचं सांगतो, मग काय करायचं ते.

महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा १९९९ चा आहे. मारहाण झाली तरच रॅगिंग, असं त्यात कुठंही नाही. विद्यार्थ्याला भीती, लाज किंवा संकोच वाटेल असं कुठलंही वागणं, चिडवणं, चेष्टा करणं, तो एरवी आपणहून करणार नाही असं काही त्याला करायला लावणं, सगळं त्यात बसतं. टाकीला प्रपोज पण बसतं आणि कोंबडा पण. हॉस्टेल पण त्यात येतं. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद आणि १० हजारांपर्यंत दंड. कोर्टात दोषी ठरला तर कॉलेजातून काढतात आणि ५ वर्षं दुसरीकडं ॲडमिशन नाही. तक्रार आली की संस्थाप्रमुखानं ७ दिवसांत चौकशी करायची, प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर निलंबन आणि पोलिसांकडं तक्रार पाठवणं. त्यानं दुर्लक्ष केलं तर त्यालाही मदत केल्याचा दोषी धरतात.

यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, नियम २००९ चे. त्या वर्षी मार्चमध्ये हिमाचलमधल्या टांड्याच्या मेडिकल कॉलेजात अमन काचरू हा पहिल्या वर्षाचा मुलगा सीनियरांच्या मारहाणीत गेला, त्यानंतर ते नियम आणि हेल्पलाइन आली. १८००-१८०-५५२२, चोवीस तास, नाव न सांगता पण तक्रार घेतात. या नियमांत कॉलेज स्तरावर शिक्षा कमी-जास्त असतात, हॉस्टेलमधून काढणं, परीक्षेला बसू न देणं, काही सेमिस्टर बाहेर ठेवणं. म्हणजे प्रत्येकाचं आयुष्य संपतं असं नाही, पण वर्ष नक्की वाचेल असा शब्द मी देणार नाही. भाऊ स्वतः पुढं येऊन खरं बोलला तर कॉलेजच्या अँटी रॅगिंग कमिटीसमोर फरक पडतो, एवढं अनुभवावरनं सांगतो.

रील आधी सेव्ह करा. स्क्रीन रेकॉर्डिंग, लिंक, तारीख, कमेंटसकट. त्यानंतरच काढायला लावा, कारण ते वर राहणं म्हणजे त्या पोरांचा रोज नवा अपमान. पण नुसतंच डिलीट केलं तर पुरावा लपवल्यासारखं दिसेल, आणि चाळीस हजार लोकांनी बघितलेलं असं पुसलं जात नसतं. फर्स्ट इयरच्या पोरांचा सीनियरांनी काढलेला व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर तोही बघा. जुलै २०२५ मध्ये यूजीसीनं कॉलेजांना कळवलंय, असल्या ग्रुपवरनं ज्युनियरांना त्रास दिला तर तेही रॅगिंगच.

जुना_रेक्टर:

मी अकरा वर्षं हॉस्टेल सांभाळलंय. बाई, तुम्ही आवाज बंद करून बघितलंत ना, चौकशीत आम्ही नेमकं ते करत नव्हतो. सगळ्या पोरांना एकत्र बोलवायचो, विचारायचो, जबरदस्ती झाली का? सगळी म्हणायची, नाही सर, आम्ही आपणहून केलं. हसून सांगायची. पुढं एकेकाला वेगळं, चहा देऊन, दार लावून विचारायला लागलो तेव्हा कळलं, प्रत्येकाला वाटत होतं बाकीच्यांना मजा येते, मीच एकटा कच्चा आहे. आणि आता तर रीलमध्ये स्वतःलाच हसताना बघतात पोरं. मग घरी सांगणार काय? आई म्हणणार, तू तर हसतोयस की.

आपल्या कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात. १९०१ पासून शाहू महाराजांनी एकेका समाजाच्या पोरांसाठी बोर्डिंग काढलं, खेड्यातलं पोरगं शिकायला आलं तर त्याला टेकायला जागा असावी म्हणून. त्याच गावात खेड्यातलं पोरगं ताप आलाय सांगून घरी पळतं, याचा मला फार त्रास होतो.

एक काम मात्र करू नका. भावाला त्या मुलाकडं माफी मागायला पाठवू नका. माफी मनापासनं असली तरी पोराला वाटणार, तोंड बंद ठेव असं सांगायला आलेत. कमिटीला सांगा, त्यांनी त्याच्या घरी फोन करावा. आणि ताप म्हणून सोडून देऊ नका, उद्याच्या उद्या कुणीतरी त्याच्याशी बोललं पाहिजे.

राजारामपुरीची_अक्का:

सगळ्यांचे मनापासून आभार. पंचगंगा दादा, तुम्ही काळजीनं लिहिलंय हे कळतं, पण गेल्या वर्षी मी अगदी हेच बोलले होते आणि त्यातनंच हे झालं.

काल संध्याकाळी भावाला बोलावलं. काही बोलले नाही, आवाज बंद करून रील त्याच्यापुढं धरलं आणि म्हटलं, शेवटून दुसऱ्याकडं बघ. दोनदा बघितलं त्यानं. मग बराच वेळ पाण्याकडं बघत बसला आणि म्हणाला, "माझा पण असाच एक व्हिडिओ हाय अक्का, गेल्या वर्षीचा, सीनियरच्या फोनमध्ये. मी पण हसालोय त्यात." मी त्याला वर्षभरात एकदाही विचारलं नव्हतं की त्या रात्री नक्की काय झालं. काल विचारलं. साडेनऊपर्यंत बसलो, डबा तसाच राहिला.

रेकॉर्डिंग घेतलं, मग रील काढलं. त्या मुलासाठी रात्रीच हेल्पलाइनला फोन केला, माझ्या नावानंच. उद्या भाऊ आणि मी दोघं कमिटीच्या सरांकडं जातोय, अर्ज तो स्वतःच्या हातानं लिहितोय. पप्पांना अजून सांगितलं नाही, उद्या जाताना सांगणार आहे, हमीपत्रावर त्यांचंही नाव आहे.

वकील साहेब, एकच विचारायचंय. अर्जात त्याच्यावर गेल्या वर्षी झालेलं पण लिहायचं का? तो म्हणतो नको, सुटायला कारण दिल्यासारखं वाटेल.

वकिली_शाहूपुरी:

लिहा, पण वेगळ्या अर्जावर. ह्या अर्जात फक्त त्यानं काय केलं ते. दोन्हीची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट.