मदत हवी आहे: आईसोबत खेळायला कॅस्केडिया हा बोर्ड गेम घेऊ का?

घरी कार्कासोन आणि अझूल हे दोन्ही बोर्ड गेम आहेत. अझूलच्या गुळगुळीत टाइल्स आई नुसत्या हातात घेऊनही खूश असते. पोर्तुगीज फरश्यांवरून घेतलेली ती नक्षी पाहून तिला पणजीच्या जुन्या घरांवरच्या पाट्या आठवतात. पण खरं सांगायचं तर त्यात गोष्ट अशी नाहीच, रंगांचा हिशेब आहे. कार्कासोनची चित्रं त्यामानाने साधी, तरी शेवटचा तुकडा बसून तटबंदी पुरी झाली की काहीतरी बांधल्यासारखं वाटतं. मला ते हवं, आईला देखणेपण.

कॅस्केडियात दोन्ही मिळतं का? ससाणा एकटा ठेवायचा, सॅमन माशांची रांग लावायची, हे खेळताना जंगल वाटतं की नुसत्या रंगीत चकत्या? खेळलेल्यांनी सांगा प्लीज.