मदत हवी आहे : झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के, पडद्यावर नुसते उभे पट्टे

रबरी_कळ

नमस्कार मंडळी. सिंक्लेअर कंपनीचा जुना घरगुती संगणक झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के चालू करायचा आहे. रबरी कळांचा, बोर्डावर 'इश्यू टू' (बोर्डाची आवृत्ती) असे छापलेले. मूळ अडॅप्टर सोबत नाही, म्हणून बाजारातला ९ व्होल्टचा रेग्युलेटेड अडॅप्टर प्लगची टोके बदलून लावला आहे (आत ऋण, बाहेर धन).

लक्षण : वीज दिली की टीव्हीवर लगेच उभे पट्टे आणि ठोकळे दिसतात, तेही फिकट आणि बिनरंगाचे. सिंक्लेअरची १९८२ ची कॉपीराइटची ओळ कधीच येत नाही. रीसेट केले तरी तेच.

७८०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर) च्या आउटपुटला ४.९८ व्होल्ट मिळतात. रॅमच्या चिपवर काय मोजायचे ते कळत नाही, कारण एकाच बोर्डावर दोन प्रकारच्या चिप दिसतात.

आणखी शंका :
झेड८० (प्रोसेसर) च्या पाठीवर कोणीतरी एक ट्रान्झिस्टर उघड्या पायांनी डाग देऊन बसवला आहे. हा आधीच्या दुरुस्तीचा जुगाड असेल तर काढू का?
सगळे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर आधीच बदलून टाकावेत का?
जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

कथील_आणि_तार

पहिले काम : वीज काढा आणि पुढचे मोजमाप होईपर्यंत 'चालतोय का' म्हणून पुन्हा पुन्हा लावून बघू नका. कारण खाली आहे.

दुसरे : झेड८० वरचा ट्रान्झिस्टर काढू नका! तो कारखान्यातूनच तसा आला आहे, इश्यू टू बोर्डाची ती ओळखच आहे.

आता रॅम. आयसी ६ ते १३ या आठ चिप म्हणजे खालची १६के. त्या ४११६ जातीच्या, त्यांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात. आयसी १५ ते २२ म्हणजे वरची ३२के, त्यांना फक्त ५ व्होल्ट पुरतात. मोजायचे ते ४११६ वर. मल्टिमीटरची काळी तार पिन १६ ला ठेवा आणि बघा :

पिन १ : उणे ५
पिन ८ : अधिक १२
पिन ९ : अधिक ५

इथे बरेच जण फसतात. वरच्या रॅमला पिन ८ वर ५ व्होल्ट असतात, खालच्या रॅमला त्याच जागी १२. चुकीच्या रांगेत मोजले तर सगळे ठीकच वाटते.

तुमचे चित्र बिनरंगाचे आहे, म्हणून संशय १२ व्होल्टवर. रंग तयार करणारी एलएम१८८९ चिपही त्याच १२ व्होल्टवर चालते. उणे ५ नसताना ४११६ ला १२ मिळत राहिले तर ती चिप तापून मरते, म्हणून वर ती ताकीद दिली.

रबरी_कळ

मोजले. आयसी ६ वर पिन ९ ला ४.९७, पिन ८ ला ८.४, पिन १ ला जवळपास शून्य. आयसी १३ वरही तेच आकडे.

कथील_आणि_तार

मग रॅमला दोष देण्याआधी डीसी-डीसी कन्व्हर्टर बघा. गुंडाळी आणि टीआर४, टीआर५ हे दोन ट्रान्झिस्टर मिळून ९ चे १२ करतात आणि त्यातूनच उणे ५ निघते. कन्व्हर्टरचे आंदोलन बंद पडले की ९ व्होल्ट गुंडाळी आणि डायोडमधून तसेच पुढे जातात, डायोड आपले ०.६ खातो आणि मीटरवर ८.४ उरतात. आकडा चोख जुळतोय.

टीआर४ बहुतेक वेळा मरतो तो मागच्या एज कनेक्टरमुळे. या मशीनला वीज चालू-बंद करायचे बटण नाही, म्हणून लोक जॉयस्टिक इंटरफेस वीज चालू असतानाच खुपसतात किंवा ओढतात. किंचित तिरका लागला तरी शेजारच्या पट्ट्या जुळून शॉर्ट होतो.

क्रम असा ठेवा :

१) वीज बंद असताना ४११६ च्या पिन ८ आणि १६ मधला रेझिस्टन्स मोजा. दोन अंकी ओहम आले तर एखादी ४११६ आतून शॉर्ट आहे, आणि ती तशीच ठेवून नवा टीआर४ लावला तर तोही जळेल. ही पायरी गाळणाऱ्यांचे दोन-दोन ट्रान्झिस्टर वाया जातात.
२) गुंडाळी बघा. तार काळी पडली असेल, वार्निश जळले असेल, तर ती बदलायला हवी. टीआर४ शॉर्ट झाला असेल तर करंट थेट गुंडाळीतून वाहतो. तुमच्याकडे ८.४ मिळत आहेत म्हणजे तो शॉर्ट नसून ओपन असावा, त्यामुळे गुंडाळी वाचलेली असेल.
३) टीआर४ काढून डायोड मोडवर तपासा. मूळ झेडटीएक्स६५०, जागी झेडटीएक्स६५१ चालतो. टीआर५ म्हणजे झेडटीएक्स२१३, तो पीएनपी आहे. दोन्ही एकदमच बदला, किंमत फार नाही.

बोर्डावरची तांब्याची पट्टी चटकन उचकटते. सोल्डरिंग आयर्न इस्त्रीसारखे दाबू नका. ट्रान्झिस्टर वाचवायचा नाहीच, तेव्हा पाय आधी कापा, मग एकेक पाय गरम करून चिमट्याने ओढा आणि शेवटी सोल्डर पंपाने भोक मोकळे करा.

लॅमिंग्टनी

सुट्या भागांबद्दल. ७८०५ आणि साधे कॅपॅसिटर लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत मिळतील. झेडटीएक्स मालिका दुकानात सांगून फारशी मिळत नाही, ऑनलाइन पुरवठादाराकडून मागवा. दोन्ही टोकांना पाय असलेले ॲक्सियल इलेक्ट्रोलिटिकही कमीच. उभे रेडियल घेऊन एक पाय लांब ठेवून आडवे बसवले तरी काम होते, फक्त झाकण लागेल एवढी उंची बघा.

कॅपॅसिटर बदलावेतच, चाळीस वर्षे झाली आहेत. पण आधी नको. मूळ दोष न शोधता वीस डाग काढले आणि एखादी पट्टी तुटली, तर दोन दोष एकात एक मिसळतात आणि मग काहीच कळत नाही.

अडॅप्टरबाबत : मूळ ९ व्होल्ट, १.४ अँपिअरचा आणि रेग्युलेट न केलेला असे, बिनलोड मोजला तर १३-१४ दाखवतो. आपल्याकडे रात्री मेन्सचा दाब वाढला की तोही वाढतो आणि ती सगळी उष्णता ७८०५ वर येते. तुमचा रेग्युलेटेड आहे ते उत्तम. ज्यांना टोके बदलायची नाहीत त्यांनी गिटार पेडलचा अडॅप्टर बघावा, ९ व्होल्ट आणि आत ऋण ही जोडी तिथे सर्रास असते. फक्त १.५ अँपिअर तरी हवा, पेडलचे बरेचसे त्याहून खूप लहान असतात.

कथील_आणि_तार

७८०५ च्या जागी त्याच तीन पायांचे १ अँपिअरचे स्विचिंग मॉड्यूल बसते. पेटीतली उष्णता निम्मी होते. युएलए ही फेरांटीने सिंक्लेअरसाठीच बनवलेली चिप आहे, ती जितकी थंड राहील तितके बरे.

जुन्यातले_जुने

टीव्हीवर कॉम्पोझिट (एव्ही सॉकेटचे) चित्र मिळावे म्हणून बरेच जण मॉड्युलेटर, म्हणजे चित्र टीव्हीच्या चॅनेलवर पाठवणारी डबी, बदलतात. तिला मात्र हात लावू नये असे माझे मत आहे. जुन्या टीव्हीवर यूएचएफ ३६ वर चित्र चांगले येते. इंग्लंड आणि भारत यांच्या प्रसारणात आवाजाच्या वाहकाचा फरक आहे, पण ४८के आवाज टीव्हीला पाठवतच नाही, तो आतल्या स्पीकरचा. त्यामुळे तो फरक आड येत नाही.

कथील_आणि_तार

जुना टीव्ही असेल तर ठीक. नव्या टीव्हीवर कॉम्पोझिटच सोयीचे, आणि ते उलटवताही येते. मॉड्युलेटरच्या पत्र्याच्या डबीत बोर्डाकडून दोन तारा जातात, एक ५ व्होल्टची आणि एक चित्राची. ५ व्होल्टची सोडवून तिच्यावर इन्सुलेशन चढवा. आरसीए सॉकेटच्या मधल्या टोकाला आतून जोडलेला रेझिस्टर सोडवा आणि चित्राची तार तिथे जोडा. मध्ये १०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर घाला, धन टोक बोर्डाकडे. एकही भोक पाडावे लागत नाही.

अडचण एकच. हे मशीन ३१२ ओळींचे, इंटरलेस नसलेले चित्र सेकंदाला ५० हून किंचित जास्त वेळा देते. स्वस्त एव्ही ते एचडीएमआय डबी काही वेळा ते ओळखत नाही आणि 'सिग्नल नाही' म्हणते. मशीन बिघडले असे समजण्याआधी दुसऱ्या टीव्हीवर बघा.

रबरी_कळ

अपडेट : पिन ८ ते १६ मध्ये शॉर्ट नव्हता. टीआर४ ओपन निघाला. दोन्ही ट्रान्झिस्टर बदलले. आता पिन ८ ला ११.९, पिन १ ला उणे ५.१. कॉपीराइटची ओळ आली, रंगही आले!

पण दोन गोष्टी राहिल्या. ए, एस, डी, एफ, जी या पाच कळा मेल्या आहेत. आणि गेम लोड केला तर 'आउट ऑफ मेमरी' येते.

कथील_आणि_तार

अभिनंदन. मेमरी किती दिसते ते मशीनलाच विचारा (पीक म्हणजे मेमरीतला आकडा वाचणे, पोक म्हणजे तिथे आकडा टाकणे) :

प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३

(प्रिंट म्हणजे पी कळ. पीकसाठी कॅप्स शिफ्ट आणि सिम्बॉल शिफ्ट एकत्र दाबून सोडा, मग ओ.) उत्तर ६५५३५ आले तर ४८के, ३२७६७ आले तर वरची रॅम नापास आणि मशीन १६के म्हणून चालते आहे. तसे असेल तर :

पोक ४००००, ० : प्रिंट पीक ४००००
पोक ४००००, २५५ : प्रिंट पीक ४००००

दोन्ही आकडे इथे द्या.

रबरी_कळ

३२७६७. मग ० टाकल्यावर ४ येतात, २५५ टाकल्यावर २५५.

कथील_आणि_तार

एकच बिट वर अडकलेला आहे. १, २, ४, ८ करत १२८ पर्यंत आठ बिट, आयसी १५ पासून त्याच क्रमाने. १ म्हणजे १५, २ म्हणजे १६, ४ म्हणजे आयसी १७. ती एकच बदला. (सगळेच बिट वेडेवाकडे आले असते तर आधी आयसी २५ आणि २६ या ७४एलएस१५७ चिप बघितल्या असत्या.)

मूळ चिप म्हणजे अर्धी नापास झालेली ६४के, सिंक्लेअरने ती स्वस्तात घेतलेली. कोणता अर्धा चांगला यावर बोर्डावरची लिंक ठरते, म्हणून तशीच जुनी शोधत बसू नका. पूर्ण चांगली ६४के चिप, म्हणजे ४१६४, लावा, २०० नॅनोसेकंद किंवा वेगवान, लिंक कशीही असली तरी चालते. खाली १६ पिनचा सॉकेट घाला.

लॅमिंग्टनी

कळांचे सोपे आहे. झाकणातून दोन पट्ट्या बोर्डात जातात, एक आठ तारांची, एक पाच तारांची. आठातली एक तुटली की अर्ध्या ओळीतल्या पाच कळा जातात, पाचातली एक तुटली की आठ कळा. तुमचे पहिले प्रकरण. टोकाशीच तडा असेल तर तीन-चार मिलिमीटर सरळ कापून पुन्हा खोचा, तात्पुरते चालेल. प्लास्टिक ठिसूळ झालेले असते, म्हणून नवा मेम्ब्रेनच (कळांखालचा हा पातळ प्लास्टिकचा थर) मागवा. वरची पत्र्याची पट्टी काढताना हेअर ड्रायरने गोंद मऊ करून घ्या, नाहीतर ती वाकते आणि परत सपाट होत नाही.

रबरी_कळ

४१६४ बसवली, ६५५३५ आले. मोबाईलचा आवाज ईअर सॉकेटला देऊन (कॅसेटऐवजी) गेम लोड करताना मात्र 'आर टेप लोडिंग एरर' येतो.

जुन्यातले_जुने

पडद्याची बॉर्डर (कडेची चौकट) बघा. आधी लाल-निळसर जाड पट्टे स्थिर यायला हवेत, मग निळे-पिवळे बारीक. लाल-निळसर पट्टेच आले नाहीत तर आवाज कमी पडतोय. मोबाईलचा आवाज पूर्ण, इक्वलायझर आणि बेस बूस्ट बंद, सूचना बंद. मोनो फाइल वापरा. तरी कमी पडला तर मध्ये एलएम३८६ चे छोटे अँप्लिफायर मॉड्यूल घाला. पीएएम८४०३ घेऊ नका, त्याच्या आउटपुटचे ऋण टोक ग्राउंड नसते आणि ईअर सॉकेटला जोडले की ते शॉर्ट होते. निळे-पिवळे येऊन मध्येच तुटत असेल तर उलट आवाज जास्त आहे, एकेक पायरी कमी करत जा.