मदत हवी आहे : लोकसभा विसर्जित झाली की विधेयकाचं काय होतं?

नमस्कार मंडळी. मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते. भाची एमपीपीएससीची (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची) तयारी करतेय, तिचा राज्यघटनेचा अभ्यास मी घेते. विधेयकाचा कायदा कसा होतो ते, म्हणजे सभागृहातली तीन वाचनं, समिती, दुसरं सभागृह, राष्ट्रपतींची संमती, इथवर सगळं सुरळीत झालं. मग तिनं महिला आरक्षणाचं विधेयक काढलं. २००८ मध्ये ते राज्यसभेत मांडलं गेलं. २००९ मध्ये लोकसभा विसर्जित झाली, तरी ते टिकलं. २०१० मध्ये राज्यसभेनं मंजूर केलं, आणि २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित होताच तेच बाद! कलम १०७ काढून बघितलं तेव्हा उलगडा झाला: फक्त राज्यसभेपुढे असलेलं तगतं, लोकसभेपुढे आलेलं बुडतं. एका सभागृहाची सगळी मेहनत अशी पाण्यात जावी, हे मला काही पटत नाही.

आता तिचा पुढचा प्रश्न. दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेलं विधेयक राष्ट्रपतींकडे सहीसाठी असतानाच लोकसभा विसर्जित झाली तर? आणि राष्ट्रपतींनी ते फेरविचारासाठी परत पाठवलेलं असेल तर? कलम १०७ यावर गप्प आहे. सर्वोच्च न्यायालयाचा एखादा निकाल असेल तर कृपया नाव-वर्षासह सांगा. मराठीत सोपं काही वाचायला असेल तर तेही सुचवा, पूर्वपरीक्षा तोंडावर आलीय.