पोरसवदा असिस्टंट कोच: त्याचा खेळ किती बघायचा?

डावखुरा: अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलच्या संघांमध्ये असिस्टंट कोच म्हणून हल्ली चोविशी-पंचविशीतली पोरं दिसतात. ओळख काय, तर त्याच कॉलेजात चार वर्षं सेकंड बेसला खेळला, फार तर एखादा मोसम मायनर लीग, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलची खालची पायरी. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटात तरी वरच्या पातळीवर खेळलेला माणूसच हवा. ताशी ९५ मैलांचा चेंडू रोज खेळला नाही तो बॅटिंग काय डोंबल शिकवणार? टेक्सास विद्यापीठाने २०१९ मध्ये मेजर लीगमधल्या (सर्वोच्च व्यावसायिक लीग) ट्रॉय टुलोविट्झकीला असिस्टंट म्हणून घेतलं. पाच वेळचा ऑल-स्टार, म्हणजे मोसमातल्या निवडक खेळाडूंत गणलेला! शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे उभं राहणाऱ्या पोरांची चांदी.

फिरस्ता: मग टोनी व्हिटेलोचं काय करायचं? मिसुरीत वॉक-ऑन, म्हणजे शिष्यवृत्तीविना संघात शिरलेला. व्यावसायिक बेसबॉल शून्य. वडील सेंट लुईसमध्ये हायस्कूलचे कोच, तेवढीच पुंजी. तिथेच मिसुरीत असिस्टंट झाला, पुढे टीसीयू (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी), आर्कान्सा, मग टेनेसीचा हेड कोच. २०२४ ला कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे कॉलेजांचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं आणि २०२५ मध्ये मेजर लीगच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने थेट मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच केलं.

डावखुरा: एक व्हिटेलो दाखवू नका हो. त्याच्यासारखे सुरुवात करून चार वर्षांत विमा विकायला लागलेले किती, ते कोण मोजतंय?

मधली आळी: दोघंही पैशाचं बोलत नाही आहात. २०२३ च्या जुलैपर्यंत डिव्हिजन वनच्या बेसबॉल संघात हेड कोच, दोन पगारी असिस्टंट आणि तिसरा ‘व्हॉलंटियर’. कामाला पूर्णवेळ, पगाराला ठणठण गोपाळ. उन्हाळी शिबिरांत शाळकरी मुलांना शिकवून जे मिळेल ते. अशा जागेवर मेजर लीगवाला सहसा कशाला येईल? येणार तो कालपरवा पदवी घेतलेला, तेही घरून भाडं भरणारं कोणी असेल तर. त्याची ‘पार्श्वभूमी’ बघायचीच तर ही बघा. आता तिसराही पगारी झालाय, तेव्हा तरी चित्र बदलावं.

आणि मायनर लीग नाही म्हणून नाक मुरडू नका. ड्राफ्ट, म्हणजे व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडायची प्रक्रिया, पूर्वी ४० फेऱ्यांचा होता, २०२१ पासून २० चा. मायनर लीगचे संलग्न संघही त्याच वर्षी १२० पर्यंत घटले. बाविसाव्या वर्षी थांबलेला म्हणजे कच्चाच, हे गणित आता चालत नाही.

डावखुरा: पगाराचं मान्य. पण वयाचं? कोविडमुळे जादा वर्ष मिळालेले खेळाडू चोवीस वर्षांचे होते, कोचही तेवढाच. काल एकाच खोलीत राहिलेल्याला आज बाकावर बसवणार कोण?

फिरस्ता: हेड कोच! लाइन-अप त्याचीच असते. असिस्टंटच्या हातात लांब, सडपातळ फंगो बॅट. त्याने शॉर्टस्टॉपला शंभर ग्राउंडर, म्हणजे जमिनीलगतचे चेंडू मारायचे. कधी बॅकहँडला, कधी मुद्दाम अर्धवट उसळीचे. पाय कुठे अडकतोय ते बघायला ऑल-स्टार लागत नाही. उलट मी तर राखीव कॅचर, म्हणजे पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) चेंडू झेलणारा घेईन. तीन वर्षं बुलपेनमध्ये (पिचर सराव करतात ती जागा) बसून प्रत्येक पिचरचा स्लायडर, म्हणजे बाजूला वळणारा चेंडू, कधी बिघडतो हे ज्याने ग्लव्हवर झेललंय, त्याला स्टार हिटरपेक्षा जास्त कळतं.

डावखुरा: पिचरपुरतं ठीक. हिटिंग कोच म्हणून राखीव कॅचर ठेवा आणि मोसमअखेर सरासरी कळवा.

मधली आळी: कळवतो, पण टेक्सासवाल्यांची पण मागवा.